संचित रजा गावच्या चौकशीत अडते तेव्हा

दारव्हा तालुक्यातल्या नव्या विधी स्वयंसेवकाचा प्रश्न आहे: गावचा एक शिक्षाबंदी (शिक्षा झालेला कैदी) अमरावती मध्यवर्ती कारागृहात आहे, संचित रजेचा (फर्लो, म्हणजे शिक्षा भोगताना काही दिवस घरी जायची सुट्टी) अर्ज पोलीस अहवालावरून फेटाळला, शिफारसपत्र द्यावं का?

पत्राने काही हलत नाही. रजा राज्याच्या फर्लो-पॅरोल नियमांनी मिळते, मंजुरी कारागृह खात्याची, आणि तिथे वजन ठाण्याच्या अहवालाला. म्हणून आधी नामंजुरीच्या आदेशाची प्रत मागवा आणि कारणाची ओळ वाचा.

'जामीनदार (कैदी वेळेवर परतेल याची हमी घेणारा) मिळून आला नाही' असं असेल तर बहुधा बीट जमादार (गावाचा भाग सांभाळणारा पोलीस) भरदुपारी आला आणि घरचे कापूस वेचायला गेले होते, एवढंच. पुढच्या अर्जात जामीनदाराचा चालू मोबाईल नंबर, शेजाऱ्याचाही, आणि पोलीस पाटलाला आधी कल्पना. 'जामीनदार सक्षम नाही' असेल तर सातबारा काढून बघा: खातं सामायिक आहे का, आधारवरचं नाव जुळतं का. सातबाऱ्यावर रामा आणि आधारवर रामदास असेल तर दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा.

म्हातारी आई जामीनदार असली की जबाबात हमखास घोटाळा. "साहेब, मले काही समजत नाही" म्हणते, आणि कागदावर 'जबाबदारी घेण्यास तयार नाही' उतरतं. मुलगा रजेत राहील कुठे, त्याचं बघेल कोण, ठरल्या तारखेला परत नेऊन सोडेल कोण, एवढं तिच्याशी आधी बोलून ठेवा. खोटं मात्र पढवू नका.

'शांतताभंगाची शक्यता' हे कारण जास्त अवघड. फिर्यादीचं घर त्याच गल्लीत असेल तर पोलिसांची भीती रास्तच असते. अशा वेळी दुसऱ्या तालुक्यातल्या बहिणीचा पत्ता आणि तिकडचाच जामीनदार द्या. चौकशीही तिकडच्या ठाण्यात जाते. फिर्यादीकडे मांडवलीला जाऊ नका, स्वतः जामीनदार तर मुळीच होऊ नका.

घरच्यांना फरक सांगा: संचित रजेचे दिवस शिक्षेत धरले जातात, अभिवचन रजेचे (पॅरोल, घरच्या आजारपणासारख्या कारणासाठीची सुट्टी) नाही. उशिरा हजर झाल्यास माफीचे दिवस (चांगल्या वागणुकीने शिक्षेतून मिळालेली सूट) कापले जातात. आजारी पडला तर मुदत संपण्याआधीच दवाखान्याचा कागद ठाण्यात आणि कारागृहात पोचवून पोच घ्या.

कागद चोख असूनही पुन्हा नकार आला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात याचिकेसाठी कैद्याला मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००.