‘देवराई’तील ‘राई’

कोल्हापुरातील एका वाचकांनी विचारले आहे की ‘देवराई’चे, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानाचे, अनेकवचन ‘देवराई’च राहते की ‘देवराया’ होते, आणि त्यातील ‘राई’ म्हणजे मोहरी काय. अनेकवचन ‘देवराया’, जसे ‘आमराई’चे ‘आमराया’. मोहरीचा येथे संबंध नाही. ती राई ‘राजिका’पासून आली.

झाडांच्या राईचे मूळ मात्र फार देखणे आहे. संस्कृतात ‘राजि’ म्हणजे रेघ, ओळ. ‘रघुवंशा’च्या 13व्या सर्गात राम विमानातून सीतेला समुद्रकिनारा दाखवतो, तो ‘तमालतालीवनराजिनीला’, म्हणजे तमाल आणि ताडांच्या वनराजींनी निळासावळा झालेला. दोन स्वरांमधला ‘ज’ प्राकृतात बहुधा गळतो. त्यामुळेच ‘बीज’चे ‘बी’ झाले आणि ‘राजि’ची ‘राई’. देवराई म्हणजे ‘देवरायाचे रान’ असे जे ठामपणे सांगतात, त्यांनी ‘आमराई’त कोणता राय आहे ते आधी दाखवून द्यावे.

माझ्या मते ओळीचा अर्थ दाट झाडीत विरून गेला, तरी देवराईपुरती ती रेघ जिवंत राहिली. आजरा, चंदगड, राधानगरी या पट्ट्यात गावचे रान संपून देवाचे रान जेथे सुरू होते तेथे बहुधा कुंपण नसते; कुऱ्हाड थांबते ती देवाच्या धाकाने. देवळाच्या कामासाठी एखादे झाड हवे असले, तरी अनेक गावांत आधी देवाला कौल लावण्याची रीत आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी 1970च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केला तेव्हा, भोवतीचे डोंगर उघडे पडूनही, या श्रद्धेच्या बळावर टिकलेले जुने जंगल त्यांच्यापुढे होते. अलीकडे हीच श्रद्धा झाडांवरून सिमेंटच्या सभामंडपाकडे वळते आणि त्यासाठी जुने वृक्ष पडतात, याचे मला फार दुःख होते.

म्हणूनच मोकळ्या भूखंडावर शे-दोनशे रोपे लावून ‘आम्ही देवराई उभारली’ असा फलक लावलेला दिसला की मी अस्वस्थ होतो. रोपे जरूर लावावीत, परंतु देवराई उभारत नाहीत, ती राखतात. पिढ्यान्‌पिढ्या हात आवरून धरल्यानेच ती होते. नव्या लागवडीला ‘वनराई’ म्हणावे. त्या शब्दात झाडांची ओळ आहे, देवाची आण नाही.