आता सगळेच अंगठेबहाद्दर

“डिजिटल तंत्रज्ञानामुळे आपली लोकशाही मजबूत होतेय की पोकळ? आणि समानता खरंच वाढली का?” असा तुमचा प्रश्न आहे. कॉलेजात निबंधाला आलाय, हेही तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय. निबंधात शोभेल असं काही माझ्याकडे नाही. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी सेवा केंद्र चालवतो. नाव काहीही असो, लोक त्याला अजून सेतूच म्हणतात. नऊ वर्षं झाली. उत्पन्नाचे दाखले, सातबारा, पीक विमा, केवायसी, शिष्यवृत्तीचे फॉर्म हे सगळं करतो. तुमची ती डिजिटल क्रांती माझ्याकडे सकाळी साडेनऊपासून प्लास्टिकच्या खुर्चीवर रांगेत बसलेली असते. हातात पिशवी, पिशवीत कागद, कागदांच्या कडा वाळवीने खाल्लेल्या.

आमच्या लहानपणी ‘अंगठेबहाद्दर’ म्हणजे ज्याला सही येत नाही तो, चेष्टेचा विषय. साक्षरतेच्या वर्गात म्हाताऱ्या बायका नाव गिरवायला शिकल्या ते हा शिक्का पुसायला. आता मास्तर, डॉक्टर, माजी सरपंच सगळे माझ्यासमोर अंगठा पुढे करून बसतात. या बाबतीत समानता आली म्हणायची! पण यंत्राला सगळ्यांचे अंगठे सारखे वाचता येत नाहीत.

आमच्याकडची एक आजी. नवऱ्याबरोबर तीस हंगाम ऊस तोडला. आमच्याकडे एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो तीही कोयत्यावर. तीस वर्षं उसाची पाती आणि मोळ्या हाताळल्यावर बोटांवर रेषा राहतात कुठे? रेशनच्या मशीनवर तिचा ठसा उमटेना. खोबरेल लावून झालं, साडीच्या पदराला पुसून झालं, दहाही बोटं फिरवून झाली. दुकानदार तिचा चुलतभाचा लागतो. तो तिला जन्मापासून ओळखतो, मशीन ओळखत नाही. त्या महिन्याचं धान्य गेलं. आजी माझ्याकडे येऊन म्हणाली, “आधीचा दुकानदार चोर होता बाबा, पर त्याच्याशी भांडता येत हुतं. ह्या डबड्याशी कसं भांडू?”

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर बरंचसं या वाक्यात आहे, पण ते अर्धंच ऐकू नका. आधीचा दुकानदार खरंच चोर होता. मेलेल्या माणसांच्या नावावर साखर उचलली जायची, रॉकेलचं पिंप रातोरात गायब व्हायचं. मशीन आल्यावर ते बरंच आटोक्यात आलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. २०१९च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये एकमेकांच्या राज्यातलं रेशन उचलायची सोय प्रयोग म्हणून सुरू झाली, पुढे ती देशभर गेली. त्यामुळे ऊसतोडीला कोल्हापूर-सांगलीकडे किंवा पार कर्नाटकात गेलेल्या जोडीला तिथल्या दुकानात आपलं धान्य मागता येतं. पूर्वी सहा महिने कार्ड इथे आणि पोट तिथे अशी गत होती. सातबाऱ्याचंही तसंच. १ मे २०१८ला डिजिटल सहीचा उतारा सुरू झाला. त्याआधी तलाठी भाऊसाहेब आज कोणत्या गावी आहेत याचा शोध घेण्यातच शेतकऱ्याचे दोन दिवस जायचे, आणि चहापाणी वेगळं. ज्यांनी तो काळ पाहिला नाही तेच “जुनं बरं होतं” म्हणतात.

फक्त एक थाप आम्हाला मारली गेली. मधला माणूस जाणार, असं सांगितलं होतं. तो मधला माणूस आता मी आहे. दर सरकारी आहेत, फलक लावलाय, मी त्याच्या वर घेत नाही; घेणारे आहेत, सगळ्यांना माहीत आहेत. पण पैशाचा मुद्दा बाजूला ठेवा. लोक मला आधार क्रमांक सांगतात, बँकेचं पासबुक देतात, मोबाइल हातात देऊन “तो ओटीपी तूच बघ” म्हणतात. गावातल्या अर्ध्या लोकांची गुपितं माझ्या कळफलकाखालून जातात. मी सज्जन आहे असं धरून ही व्यवस्था चाललीय. तलाठ्याची बदली तरी व्हायची.

२९ सप्टेंबर २०१०ला देशातलं पहिलं आधार नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं, एका आदिवासी बाईला. पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले होते. ज्याच्याकडे कसलाच कागद नाही त्याला ओळख द्यायची, हा त्यामागचा विचार होता, आणि तो मला आजही पटतो. पुढे ती ओळख कुलपासारखी झाली. २०१८च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी चार विरुद्ध एक अशा मताने आधार कायदा बराचसा कायम ठेवला, न्या. चंद्रचूड यांनी विरोधी निकाल लिहिला. ठसा जुळला नाही एवढ्यावरून कुणाला वंचित ठेवणार नाही, असं सरकारने त्याच खटल्यात सांगितलं होतं. कागदावर पर्यायही आहेत: डोळ्यांची बुबुळं, ओटीपी, घरातल्या दुसऱ्याचा अंगठा. पण त्या आजीला हे कुणी सांगायचं? बुबुळाचं यंत्र दुकानात नाही, मोबाइल मुलाकडे, मुलगा कारखान्यावर. तिचा हक्क गेलेला नव्हता, फक्त तो दाखवायला जागा नव्हती.

समानतेबद्दल विचारलंत म्हणून ओटीपीची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. लाडकी बहीण योजनेचे महिना १५०० रुपये २०२४च्या ऑगस्टपासून बाईच्या स्वतःच्या खात्यात येऊ लागले. निवडणुकीचं गणित होतं की नव्हतं यावर वाद घाला, पण आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं पासबुक छातीशी धरलेल्या बायका मी पाहिल्यात. मग २०२५च्या सप्टेंबरात ई-केवायसी आली. बाईने आपलं आधार टाकायचं, ओटीपी द्यायचा. पाठोपाठ नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार, आणि त्यांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी. घरचं उत्पन्न तपासायचं होतं, कारण समजतं. मुदत आधी १८ नोव्हेंबर, मग ३१ डिसेंबर.

हे दिवस कसले, ते आमच्या भागात शेंबडं पोरही सांगेल. ऊसतोडीचे. म्हातारपणामुळे किंवा लेकरांच्या शाळेमुळे मागे राहिलेली बाई माझ्या खुर्चीत, नवरा तीनशे किलोमीटरवर फडात. फोन लावायचा, तो मोळी टाकून येईपर्यंत ओटीपी मरतो. पुन्हा पाठवा, पुन्हा मरतो. एकीचा नवरा म्हणाला, “आधी सांग, पैसे आईकडं देशील का, मग नंबर सांगतो.” ती गप्प बसली. मीही गप्प बसलो, मागे रांग होती. दुसरी सोडून दिलेली, सात वर्षं नवऱ्याचा पत्ता नाही, वडील वारलेले. ज्यांना नवराही नाही आणि वडीलही नाहीत अशांसाठी पुढे अंगणवाडी सेविकेकडे कागद द्यायची सोय झाली: मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचा आदेश. ‘टाकलेली’ या गोष्टीचा दाखला कुठल्या कार्यालयात मिळतो?

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५४ टक्के बायकांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या बायका ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. योजना आखणाऱ्यांना हे आकडे माहीत नव्हते असं नाही, ते सरकारचेच आकडे आहेत. तरी पडद्यावरचा चौकोन असा बनतो, जणू प्रत्येक बाईच्या हातात फोन आहे आणि शेजारी राजीखुशीने बसलेला नवरा आहे.

आता लोकशाहीकडे येतो. दोन फोटोंची गोष्ट ऐका. रोजगार हमी ही आपल्या महाराष्ट्राची देणगी, १९७२च्या दुष्काळातून उभी राहिलेली. तिच्यावरून देशाचा कायदा झाला. त्या देशाच्या योजनेत १ जानेवारी २०२३पासून मजुरांचे कामावरून दिवसातून दोनदा फोटो टाकणं बंधनकारक झालं. फोटो चढला नाही तर हजेरी अडायची, हजेरी अडली की मजुरी अडायची. खोटेपणा थांबावा म्हणून हे केलं, आणि २०२५मध्ये केंद्राच्याच मंत्रालयाला राज्यांना लिहावं लागलं की जुन्या फोटोचे फोटो काढून चढवले जाताहेत. चोराला वाट सापडतेच. रेंजसाठी टेकडीवर चढायला लागतं ते मजुराला. बिल काढणाऱ्या इंजिनीअरचा दिवसातून दोनदा फोटो घ्यावा, असं अजून कुणाला सुचलेलं नाही.

दुसरा फोटो मतदार यादीचा. यादी संकेतस्थळावर मिळते, पण चित्राच्या रूपात, शब्द शोधता येत नाहीत. एकच नाव दोन-तीन ठिकाणी आहे का हे बघायचं तर पानन् पान डोळ्यांखालून घाला. शोधता येईल अशी यादी द्या, म्हणून काँग्रेसचे कमलनाथ सर्वोच्च न्यायालयात गेले होते. २०१८मध्ये ती मागणी फेटाळली गेली. मतदारांची माहिती घाऊक उपसली जाईल, ही निवडणूक आयोगाची भीती अगदीच खोटी नाही, मी सेतूवाला आहे, माहिती कशी पाझरते ते मला ठाऊक आहे. पण दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघा. सरकारला मजूर क्षणोक्षणी दिसायला हवा, आणि नागरिकाला सरकारी यादी मात्र धूसर. तंत्रज्ञान तेच, काच एकाच बाजूने पुसलेली. २०२३च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं एक कलमही बदललं. ‘व्यक्तिगत माहिती’ नाकारण्यापुढे आधी जोडलेल्या अटी आणि सार्वजनिक हिताचा अपवाद त्या कलमातून गेला. ठेकेदाराचं नाव ही व्यक्तिगत माहिती ठरेल का? ठरवणारे साहेबच आहेत.

उलटंही करता येतं. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ला पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावी पहिली जनसुनवाई घेतली. करायचं काय, तर हजेरीपटावरची नावं भर लोकांत मोठ्याने वाचायची. गावात नसलेल्या माणसांनी खड्डे खणल्याचं ऐकलं की लोक आपोआप उठून बोलायचे. माहितीच्या अधिकाराची चळवळ तिथून वाढली, २००५ला कायदा झाला. आणि २०१९ला त्याच राजस्थानात जन सूचना पोर्टल आलं. रेशन, पेन्शन, रोजगार हमीचं कुणाला काय मिळालं, हे आता अर्ज न करता, गाव निवडून बघता येतं. ती यंत्रणा कुणा कंपनीने बसून आखली नाही, भांडून भांडून काय विचारायचं हे शिकलेल्या लोकांनी ती मागून घेतली. फरक पडतो तो इथे, असं मला वाटतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही अपेक्षा केली असेल त्यापेक्षा कमी लिहितोय, कारण निबंधात सगळे त्यावरच लिहितात. पण राईनपाडा विसरू नका. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुका. पोरं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा फोनवर फिरत होत्या, आणि नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटवर पुढे पाठवायची मर्यादा घातली. मारले गेले ते भटके होते, ज्यांना गावच नाही असे. अफवा सगळ्यांच्या फोनवर येते, तिचा दगड मात्र ठरावीक लोकांवरच पडतो.

आता आमच्या शेजारच्या एका गावाचं सांगतो, नाव कशाला. तिथल्या एका बी. ए. झालेल्या पोराने ई-ग्रामस्वराज पोर्टलवरून आपल्या ग्रामपंचायतीचा खर्च काढला. ते पोर्टल २०२०च्या एप्रिलपासून आहे, कुणालाही बघता येतं, बघत कुणी नाही. त्यात एक गटार सापडली, खर्च झालेली. गावात ती नव्हती. पोराने ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या पानाचा स्क्रीनशॉट टाकला आणि विचारलं, “ही गटार कुठाय?” तासाभरात ग्रुपची सेटिंग बदलली: फक्त अ‍ॅडमिनच मेसेज पाठवू शकतात. दुसऱ्या दिवसापासून त्यावर सुप्रभात आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरळीत सुरू.

मग पोरगा माझ्याकडे आला. अकरा पानांची प्रिंट काढली, पाच रुपये पान. ग्रामसभेला अजून वीस दिवस होते, तोवर पाराच्या भिंतीवर चिकटवतो म्हणाला. तिथे म्हातारे बसतात, एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. मी पानांचे पैसे घेतले आणि डिंकाची बाटली वर फुकट दिली.