फ्लॅटमध्ये कारवानी पाळायचा विचार असेल तर

कोथरूडच्या फ्लॅटमध्ये मुधोळ हाउंड हा शिकारी कुत्रा राहील का, आणि मुधोळ-कारवानीत फरक काय, असं तुम्ही विचारलंय. जात एकच. केनेल क्लब ऑफ इंडिया तिला कॅरॅव्हान हाउंड म्हणतो, 2005च्या टपाल तिकिटावर ती मुधोळ हाउंड आहे आणि आपल्याकडे जत-सोलापूर भागात कारवानी.

मध्य आशिया, इराणकडून तांड्यांबरोबर आलेल्या सालुकी-ताझी वळणाच्या, म्हणजे सडपातळ, वेगवान शिकारी कुत्र्यांपासून ही जात दख्खनमध्ये घडली, असं मानतात. कर्नाटकातल्या मुधोळ संस्थानाचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी चांगली कुत्री निवडून पैदास केली आणि पंचम जॉर्जला एक जोडी भेट दिली. मुधोळजवळ तिम्मापूरला आज सरकारी पैदास केंद्र आहे. पिल्लू घ्यायचं तर आधी तिथे चौकशी करा.

आता फ्लॅटचं. घरात कारवानी अगदी शांत असतो, दिवसभर पसरून पडतो. खरी परीक्षा बाहेर. हा वासावर नाही, नजरेवर शिकार करणारा कुत्रा, म्हणजे साइटहाउंड. लांब काहीतरी हललं की कान उभे राहतात, मान पुढे ताणली जाते, अंग दोरीसारखं ताठ होतं. तेवढ्यात आवरलात तर आवरलात. एकदा सुटला की तुमची हाक त्याच्यापर्यंत पोचतच नाही, आणि हा हट्ट नाही, पिढ्यान्‌पिढ्या हेच निवडून वाढवलंय. म्हणून वेताळ टेकडीवर त्याला मोकळा सोडू नका. तिथे मोर आहेत, आणि 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे. पळवायला कुंपणाचं मैदान किंवा ओळखीच्याचं बंदिस्त शेत शोधा. रोज ते जमणार नसेल तर ही जात घेऊ नका, असंच मी सांगेन.

डोकं अरुंद असल्याने कुत्रा मागे सरकताच साधा पट्टा निसटतो. ओढल्यावर आवळणारा रुंद पट्टा घ्या. शेजारी ‘उपाशी ठेवता का?’ म्हणतील. शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडं दिसणं हीच त्याची ठीक तब्येत, लोकांच्या बोलण्यावरून खाणं वाढवू नका. अनोळखी हात त्याला आवडत नाही, सोसायटीतल्या मुलांना आधीच सांगून ठेवा.

नसबंदी किंवा कुठलंही ऑपरेशन असेल तेव्हा हा साइटहाउंड आहे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. अंगावर चरबी कमी असल्याने भुलीची काही औषधं, विशेषतः थायोपेंटोन, या कुत्र्यांच्या शरीरातून उशिरा उतरतात.