हायकू लिहिताना मुलांच्या हाती काय द्यावं?

प्रश्न : मी चिपळूणजवळच्या शाळेत चौथीला शिकवते. मुलांकडून हायकू, म्हणजे तीन ओळींच्या छोट्या जपानी धाटणीच्या कविता, लिहून घेते. पाच-सात-पाच अक्षरं बरोबर जुळवतात, पण सगळ्यांचं ‘पाऊस छान, मज्जा येते’ याच्यापुढे जात नाही. काय करू?
– एक शिक्षिका

उत्तर : ताई, आधी ती मोजणी बंद करा. जपानी लोक आखूड ध्वनी मोजतात, आपली अक्षरं नव्हेत. ‘निप्पोन’चे (जपानचं जपानी नाव) ते चार धरतात, नि-प्-पो-न्; आपल्याकडे तीनच अक्षरं होतात. कवयित्री शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला तोही अक्षरांचा हिशेब सोडून. यमक सहज जमलं तर ठीक, ओढून आणू नका.

मुलांना पाहिलेलं लिहू द्या. इस्सा (1763–1828) हा जपानी कवी माशी मारायला उठलेल्याला म्हणतो, मारू नका, बघा, ती हात चोळतेय, पाय चोळतेय. हे वर्गात सांगितलं की मुलं माशी शोधायला खिडकीशी धावतात. धावू द्या!

माझ्याकडे एका मुलीनं लिहिलं होतं, ‘पाऊस मला खूप आवडतो.’ विचारलं, काल पाऊस आला तेव्हा कुठे होतीस? ‘एसटीत.’ काय दिसलं? ‘काच धुरकट झालेली. पुढच्या सीटवरच्या बाळानं तिच्यावर बोट ओढलं.’ मग? ‘त्यातून आमची शाळा दिसली.’ म्हटलं, एवढंच लिही.

एसटीची धुरकट काच
बाळानं ओढली रेघ –
रेघेत आमची शाळा

‘आवडतो’ आपोआप गळालं. दुसऱ्या ओळीनंतरचा थांबा मात्र मुलांकडून मोठ्यानं म्हणवून घ्या. जपानीत अशा थांब्यासाठी ‘या’सारखे खास शब्द असतात. आपल्याला आडवी रेघ पुरते.

पारंपरिक हायकूत ऋतू सांगणारा शब्द लागतो. जपानीत अशा शब्दांचे कोशच आहेत. तुमच्या वर्गाचा कोश भिंतीवर लावा : वळीव, करवंदं, काजवे, भातलावणी, आकाशकंदील. ‘पावसाळा’ ढोबळ आहे, तो नको, ‘पागोळ्या’ घ्या.

आणि कृपा करून मार्क देऊ नका. जपानात ‘कुकाई’ नावाची बैठक भरते. हायकू नावाशिवाय फिरतात, प्रत्येक जण आवडलेले निवडतो, कवीचं नाव नंतर कळतं. चौथीत हे सहज जमेल. निवडणाऱ्यानं फक्त एक करायचं : त्या तीन ओळींत आपल्याला काय दिसलं, ते सांगायचं.