बेरोजगारीचा दर वाढला, मग अर्ज करायचे की थांबायचं?

जून २०२५ चा शेवटचा आठवडा. नाशिकची २३ वर्षांची मुलगी, मेकॅनिकलची बी.ई., पास होऊन वर्ष झालेलं. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तिचं म्हणणं एवढंच होतं, ‘‘मार्केटच डाऊन आहे, अर्ज करून उपयोग काय?’’ पुरावा मोबाइलवर होता. बाबांनी घरच्या ग्रुपवर टाकलेली बातमी: देशातला बेरोजगारीचा दर एप्रिलमध्ये ५.१ टक्के, मे महिन्यात ५.६. १५ ते २९ वयोगटात १३.८ वरून थेट १५. बातमी आली त्या दिवसापासून तिने एकही अर्ज केला नव्हता.

नोकरीच्या सल्ल्यासाठी हीच काळजी घेऊन येणारे बरेच असतात, म्हणून ही केस जरा सविस्तर.

आकडे खरे होते. ते सांख्यिकी मंत्रालयाच्या श्रमबल सर्वेक्षणाचे, म्हणजे पीएलएफएसचे. पण हे सर्वेक्षण दरमहा आकडे द्यायला लागलं तेच एप्रिल २०२५ पासून. त्याआधी शहरांचे आकडे तिमाहीला आणि सगळ्या देशाचे वर्षाला यायचे. म्हणजे जूनमध्ये ज्याला ‘ट्रेंड’ म्हटलं जात होतं, तो अवघ्या दोन महिन्यांचा होता. मे महिन्यातली वाढ दरवर्षीचीच की यंदाची, हे ठरवायला मागच्या वर्षीचा मे हवा. तो या मालिकेत नव्हताच.

तिला एक प्रश्न विचारला. गेल्या सात दिवसांत दुकानात बसलीस का?

‘‘रोज संध्याकाळी दोन तास. बाबा जेवायला जातात ना.’’

या मासिक आकड्यासाठी मागच्या सात दिवसांचा हिशेब धरतात. त्यात कुठल्याही एका दिवशी एक तास जरी काम केलं, तरी ती व्यक्ती ‘रोजगारात’. घरच्या धंद्यात बिनपगारी हात लावला तरी तो रोजगारच. म्हणजे सर्वेक्षण करणारा तिच्या दारात आला असता, तर ज्या ५.६ टक्क्यांनी तिची झोप उडाली होती त्यात ती धरलीच गेली नसती. दुकानात बसत नसती आणि ‘सध्या काम नकोच, परीक्षेचा अभ्यास करतेय’ म्हणाली असती, तरीही बेरोजगारांत आली नसती. श्रमबलाच्याच बाहेर गेली असती. कारण हा दर काढतात तो काम करणारे आणि काम मागणारे यांच्या बेरजेवर. त्यामुळे १५ टक्के म्हणजे ‘शंभर तरुणांत पंधरा बेकार’ नव्हे. कॉलेजात शिकणारी आणि काम न मागणारी मुलं त्या शंभरात नसतातच.

मग मे महिन्यात दर का वाढला? रब्बीची काढणी संपली आणि उन्हात शेतावरचं काम आटलं, हे मोठं कारण सांगितलं गेलं. श्रमबलातला सहभागही, म्हणजे १५ वर्षांवरच्या लोकांत काम करणारे आणि मागणारे यांचा वाटा, ५५.६ वरून ५४.८ टक्क्यांवर आला. गहू काढून झाला म्हणून नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत क्वालिटी इंजिनिअरची जागा कमी होत नाही. दरमहाचा आकडा सगळ्या देशाचा असतो; नाशिकच्या मशीन शॉपबद्दल तो जवळपास काहीच सांगत नाही.

म्हणून तिला स्वतःचा आकडा काढायला सांगितलं. दर सोमवारी त्याच दोन जॉब साइटवर तोच शोध: क्वालिटी किंवा प्रॉडक्शन इंजिनिअर, ० ते २ वर्षं अनुभव, नाशिक. मिळालेल्या जाहिराती मोजायच्या, पण आधी गाळायच्या. एकच जागा तीन कन्सल्टन्सी टाकतात, ती एकदाच धरायची. महिनाभर जुनी जाहिरात तारीख बदलून वर येते, ती काढायची. पैसे मागणारी तर मोजायचीच नाही. शेजारी अर्जाची तारीख, जागा, कोणता बायोडाटा पाठवला आणि फोन आला का, एवढे रकाने.

सहा आठवड्यांनी चित्र दिसलं. जाहिराती येत होत्या, फोन येत नव्हते. मार्केट पडलेलं असतं तर आधी जाहिराती आटल्या असत्या. चूक बायोडाट्यात होती: पहिल्या पानावर नुसती सॉफ्टवेअरची नावं, आणि व्हर्निअर, मायक्रोमीटर, ड्रॉइंग वाचन, फायनल इयरचा जिग-फिक्श्चरचा प्रोजेक्ट हे कारखान्याला हवं असलेलं सगळं दुसऱ्या पानाच्या तळाशी. ते वर आणल्यावर फोन सुरू झाले. (फोन येऊन पहिल्या फेरीत गाडी अडत असेल, तर दुखणं बायोडाट्याचं नसतं, तयारीचं असतं. ते वेगळं प्रकरण.)

नोव्हेंबरमध्ये बाबांचा पुन्हा मेसेज: ऑक्टोबरची भरती मागच्या वर्षीपेक्षा कमी. इथे पंचांग उघडावं. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. एका ऑक्टोबरला जवळजवळ पूर्ण महिना कामाचा मिळाला, दुसऱ्याचा ऐन मधला आठवडा सुट्टीत गेला. एचआरची माणसं गावी, जाहिराती पुढे ढकललेल्या. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर एकत्र करूनच दोन वर्षं ताडून पाहावीत. बातमीत हे क्वचित लिहिलेलं असतं.

नव्या नोकऱ्यांचा अंदाज म्हणून बातम्यांत येणाऱ्या पीएफच्या (भविष्य निर्वाह निधीच्या) नव्या सदस्यांच्या आकड्यांचंही तसंच. ते साधारण दोन महिने उशिरा येतात आणि नंतर दुरुस्त होतात. शिवाय पीएफचा कायदा लागू होतो तो २० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना. वर्कशॉपमध्ये एकोणिसाचे वीस झाले की जुनी माणसंही नवे सदस्य म्हणून मोजली जाऊ शकतात; तेवढ्या नव्या नोकऱ्या निघालेल्या नसतात.

डिसेंबरात तिला ऑफर आली. काम कारखान्यात, पण पत्र मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंत्राटदाराचं. पीएफच्या यादीत असे कंत्राटदार ‘तज्ज्ञ सेवा’ या गटात पडतात, त्यामुळे शॉप फ्लोअरवरची ही नोकरी अभियांत्रिकीच्या रकान्यात दिसणारच नाही. सही करण्याआधी तिने चार गोष्टी लेखी मागितल्या: करार किती महिन्यांचा, मूळ पगार किती, मालकाचा पीएफचा वाटा सीटीसीतूनच (कंपनीला पडणाऱ्या एकूण वार्षिक खर्चातूनच) धरलाय का, आणि कंपनीच्या रोलवर, म्हणजे थेट कर्मचारी म्हणून, घेण्याचा विचार कधी होतो. पहिल्या तिन्हींचं उत्तर ईमेलवर आलं. चौथ्याचं फोनवर आलं, ‘‘परफॉर्मन्स बघून.’’ तिने ते तारखेसकट आपल्या तक्त्यात लिहून ठेवलं आणि सोमवारची मोजणी बंद केली नाही.