पिकअपला पुढे दोन जादा दिवे लावायचे आहेत. हेडलाइटच्या वायरीवरूनच जोड घेतला तर चालेल का? आणि एलईडी बार बरा की गोल दिवे?

हेडलाइटच्या वायरीवरून थेट जोड घेऊ नका. दिवे लागतील, पहिले काही दिवस छान चालतीलही, म्हणूनच माणूस फसतो. मीही आधी तसंच केलं होतं. 55 वॅटचे दोन हॅलोजन घेतले, हेडलाइटच्या वायरीला कट मारून जोडले आणि वरून चिकटपट्टी गुंडाळली. काही आठवड्यांनी रात्री गाडी चालवताना जळक्या प्लास्टिकचा वास आला. बॉनेट उघडून पाहिलं तर हेडलाइटचा सॉकेट एका कडेने तपकिरी होऊन मऊ पडला होता. जोडाजवळ वायरीचं कव्हर कडक झालेलं, वाकवलं की तडकत होतं. ती वायर आणि तो स्विच कंपनीने हेडलाइटपुरता दिलेला असतो. 55 वॅटचे दोन म्हणजे 110 वॅट. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण साडेतेरा व्होल्ट असतात, म्हणजे आठ-नऊ अँपिअर करंट जादा. तो त्या वायरीवर टाकायचा नसतो.

रिले लावा, म्हणजे छोट्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. चार टोकांचा साधा 12 व्होल्टचा रिले पुरतो, त्यावर 30, 87, 85, 86 असे आकडे असतात. बॅटरीच्या प्लसवरून जाड वायर आधी फ्यूजमध्ये आणि तिथून 30 वर. 87 वरून दिव्यांकडे. 85 बॉडी अर्थला. 86 ला सिग्नल द्यायचा, तो डॅशबोर्डवरच्या छोट्या स्विचमधून अप्परच्या (हेडलाइटच्या लांब झोताच्या) वायरीवरून घ्यायचा. रिलेच्या कॉइलला अर्ध्या अँपिअरहूनही कमी करंट लागतो, त्यामुळे स्विच आणि त्याची वायर बारीक असली तरी चालते. सगळा भार बॅटरी ते दिवे या जाड वायरीवर राहतो. 110 वॅटला 15 अँपिअरचा फ्यूज बरोबर बसतो. मात्र फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. तो दिव्याजवळ बसवला आणि बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर कुठे घासून बॉडीला टेकली, तर तो फ्यूज उडणारच नाही, वायरच पेटेल.

वायर अडीच स्क्वेअर एमएमची घ्या. एक स्क्वेअरची सहा मीटर वायर नऊ अँपिअरला जवळजवळ 1 व्होल्ट खाते, अडीचची त्याच्या निम्म्याहूनही कमी. हॅलोजनला व्होल्टेज थोडं कमी मिळालं तरी उजेड खूप कमी होतो. 1 व्होल्ट गेला की जवळजवळ पाव उजेड गेला असं समजा. दिवे मंद वाटले म्हणून जास्त वॅटचा बल्ब टाकणारे खूप पाहिले. आधी अर्थ तपासा. बोल्टखालचा रंग सँडपेपरने खरवडून चकचकीत पत्रा दिसू द्या, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

सिग्नल अप्परवरून घ्यायचा आग्रह मी का धरतो, ते सांगतो. समोरून गाडी आली की झोत खाली करायला आपला हात सवयीने डिप्परवर जातो. त्याच क्षणी जादा दिवेही विझले पाहिजेत. अप्परशी न जोडता नुसते वेगळ्या स्विचवर ठेवले की एकदा तरी विसर पडतोच, आणि त्या वेळी समोरच्या ड्रायव्हरला काहीच दिसत नसतं.

पिकअपची आणखी एक गोष्ट आहे, कारवाल्यांना ती सहसा सांगावी लागत नाही. हौदात माल भरला की मागचा भाग बसतो आणि नाक वर होतं. वीलबेस 3 मीटर धरा. मागचा भाग 5 सेंटीमीटर खाली गेला आणि पुढचा जागेवर राहिला, तर 50 मीटरवर तुमचा झोत 80 सेंटीमीटरहून जास्त वर चढतो. रिकाम्या गाडीवर अचूक लावलेला दिवा भरल्या गाडीत थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून एरवी जेवढा माल असतो तेवढा भरून, सपाट जागेवर, भिंतीपासून सात-आठ मीटरवर गाडी उभी करा आणि मग दिव्यांचा झोत जुळवा. मी भिंतीवर खडूने दोन रेघा मारल्या होत्या, एक रिकाम्या गाडीची, एक भरल्या गाडीची. दोघींतलं अंतर पाहिलं आणि दिवे आणखी खाली वळवले.

बार की गोल दिवे? तुम्हाला लांबचं बघायचं असेल तर अरुंद झोताचे दोन गोल दिवे घ्या. रुंद बारचा बराचसा उजेड गाडीच्या पुढ्यातच पडतो. जवळचा रस्ता लख्ख झाला की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचा अंधार आणखी गडद वाटतो. बार छतावर लावला तर बॉनेटवर पडलेला उजेड उलटा आपल्याच डोळ्यांत येतो. ग्रिलसमोर लावला तर रेडिएटरची हवा अडते. धुक्यासाठी हवे असतील तर प्रकार वेगळा. बंपरमध्ये खाली, रुंद आणि वरून सरळ कापलेल्या झोताचे दिवे घ्या, त्यांना डिप्परबरोबर चालवायला हरकत नाही. धुक्यात पिवळा दिवा डोळ्याला बरा वाटतो, पण खरा फरक पडतो तो खालून आणि सपाट पडणाऱ्या झोताने. धुक्याच्या थेंबांपुढे प्रकाशाचा रंग फारसा काही करू शकत नाही.

एलईडी घेतले तर करंट निम्म्याहूनही कमी लागतो, पण रिले आणि फ्यूज तरीही लावाच. गाडी नवी असेल आणि हेडलाइट कंट्रोल युनिटवरून चालत असतील, तर अप्परच्या वायरीवर सलग 12 व्होल्ट मिळतीलच असं नाही. रिले टकटक वाजायला लागला तर कारण तेच समजा. तिथे वायर कापत बसू नका, त्या मॉडेलसाठी तयार मिळणारं हार्नेस (जोडांसकट वायरींचा संच) वापरा. पुढच्या बाजूला किती दिवे, किती उंचीवर आणि कुठल्या रंगाचे चालतात याचे नियम जागोजागी वेगळे असतात, तेवढे खरेदीआधी बघून घ्या.

वायर फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) आत नेताना भोकाला रबरी ग्रोमेट (कडी) घाला, पत्र्याची धार महिनाभरात कव्हर कापते. दिव्यांना नायलॉकचे (हादऱ्याने सैल न होणारे) नट वापरा. पहिल्या आठवड्यानंतर ते एकदा आवळा, आणि दिवे दहा मिनिटं चालू ठेवून फ्यूज होल्डरला बोट लावून बघा. कोमट असेल तर ठीक. चटका बसत असेल तर तिथला जोड सैल आहे, तो काढून पुन्हा क्रिंप करा, म्हणजे पक्कडीने घट्ट दाबून बसवा.