तुमचं-आमचं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी ठाण्याला राहते, आमच्या सोसायटीत दोन लिफ्ट आहेत, एक मेंबर लोकांची आणि दुसरी सामानाची. मागच्या महिन्यात सामानाची बंद होती आणि एक डिलिव्हरीवाला पाण्याचा बॉक्स घेऊन अकराव्या मजल्यावर चालत निघाला होता, मी त्याला आमच्या लिफ्टमध्ये घेतलं तर ग्रुपवर दोन दिवस मेसेज चालू होते. सासूबाई तर रोज म्हणतात, तू सगळ्यांना डोक्यावर चढवून ठेवतेस. आणि खरं सांगू का, त्यांचंही पटतं कधीकधी, कारण आमच्या घरकामाच्या मावशी गावच्या जत्रेला तीन दिवस म्हणून गेल्या आणि आठ दिवसांनी आल्या, फोन नाही काही नाही. चांगलं वागलं की लोक फायदा घेतात का?

उत्तर : लिफ्टचं आधी संपवते. तुम्ही केलंत ते बरोबर केलंत, ग्रुप म्यूट करा.

आता मावशी. इथे ना आपली एक गल्लत होते, माझीही कित्येक वर्षं व्हायची. सुट्टी दिली, पगार एक तारखेला दिला, दिवाळीला बोनस दिला की आपल्याला वाटतं आपण किती चांगल्या. अहो पण ऑफिसात आपल्याला रजा मिळते तेव्हा साहेब दयाळू आहे असं म्हणतो का आपण? महाराष्ट्रात घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा 2008 सालीच झालाय, म्हणजे हे काम आहे, उपकार नाहीत, हे कागदावर तरी मान्य आहे. त्यामुळे सुट्टी हा तुमचा चांगुलपणा नव्हताच, ते त्यांचं देणं होतं, आणि आठ दिवस न कळवता राहणं ही त्यांची चूक होती. दोन्हीचा हिशोब कामाचा, त्यात प्रेम आणू नका.

मग बोला ना सरळ. "मावशी, उशीर होणार होता तर एक फोन करायचा, माझी किती धांदल झाली" एवढं तोंडावर सांगा. आपण काय करतो, समोर गोड हसतो आणि त्या गेल्या की भांडी आपटत सासूबाईंपाशी कुरकुरतो, आणि त्याला सोशिकपणा म्हणतो. कदाचित कळेल की परतीच्या एसटीत जागाच नव्हती नाहीतर घरात कोणी आजारी होतं. कदाचित कळेल की आळस केला. मग तसं बोलता येईल.

चांगुलपणा म्हणाल तर तो मला दुसरीकडेच दिसतो. आमच्या माहेरी कामवाल्या बाईंचा कप वेगळा होता, कान तुटलेला, खिडकीच्या कट्ट्यावर पालथा घातलेला. आई चहा आल्याचा, अगदी आमच्यासारखाच द्यायची, वर बिस्किटं, साडीचोळी, कशात कमी नाही. पण कप तोच. त्या बाई गेल्यावर कितीतरी वर्षांनी माझ्या डोक्यात आलं की रोज तो कप स्वतः खाली घेताना त्यांना काय वाटत असेल, आणि मी तेव्हा चांगली कॉलेजात होते हो, लहान नव्हते. तुमच्या घरी कपाचं काय आहे ते बघा एकदा. सासूबाईंना विचारू नका, नुसता बदला.

प्रश्न : मी कल्याण ते सीएसएमटी रोजचा प्रवासी, वय 29. म्हाताऱ्या माणसाला नेहमी उठून सीट देतो. गेल्या महिन्यात कंबर धरली होती, सरळ उभं राहता येत नव्हतं पण एकानेही विचारलं नाही. मुंबईची माणुसकी फक्त पाऊस पडल्यावरच दिसते का?

उत्तर : टोमणा आवडला. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी मी परळहून मुलुंडला चालत निघाले होते आणि सायनच्या पुढे जाताच येईना. एका चाळीतल्या बाईंनी आम्हा अनोळखी पाच जणींना आत घेतलं, पिठलं-भात केला, मला त्यांच्या मुलीचा ड्रेस दिला. दुसऱ्या दिवशी तोच घालून घरी आले, आणि नंतर दोनदा शोधूनही ते घर काही सापडलं नाही. इतकं सगळं अनुभवलेली मी, पुढच्याच वर्षी ठाणे लोकलमध्ये चौथ्या सीटवरून एका मुलीशी अशी भांडले की सगळा डबा बघत होता. ती म्हणत होती जरा सरका, मी म्हणत होते जागाच नाही. जागा होती.

पुरात दुसऱ्याची अडचण गुडघाभर पाण्यात समोर उभी असते, दिसतेच. तुमची कंबर कुणाला दिसणार मित्रा? 29 वर्षांचा धडधाकट मुलगा, कानात इयरफोन, लोक समजले असणार नेहमीचा आहे. तुम्ही उठून जागा देता तेसुद्धा पांढरे केस बघूनच ना? तोंडाने मागा. "कंबर धरलीय, ठाण्यापर्यंत बसू द्या" म्हणा, दहातले दोघं मान फिरवतील पण एक जण उठतो, आणि निदान तिघं सरकून चौथी सीट तरी करून देतात. आणि पुढच्या वेळी एखादा तरुण पोरगा खांबाला टेकून डोळे मिटून उभा दिसला तर त्यालाही विचारून बघा.

प्रश्न : सातारा जिल्ह्यात हायवेलगत घर आहे. रिटायर झाल्यापासून उन्हाळ्यात फाटकापाशी पाण्याचा रांजण ठेवतो. लोक पाणी पितात आणि ग्लास घेऊन जातात! यंदा चार गेले. बंद करावं म्हणतो.

उत्तर : काका, बंद करू नका, चार ग्लासांसाठी दुपारचे तहानलेले लोक कशाला परत पाठवता. एसटी स्टँडवर असायची तशी साखळी लावा. लांब दांड्याचं ओगराळं ठेवा म्हणजे कोणी हात बुचकळणार नाही, वर झाकण घट्ट हवं, आणि आठवड्यातून एकदा रांजण पूर्ण रिकामा करून घासून कोरडा करा, डेंग्यूचे डास अशा साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच होतात. आणि ग्लास स्टीलचे ठेवत होतात ना? प्लास्टिकचा ठेवा, तो कोणी नेत नाही.